पुन्हा करेल का? : लैंगिक गुन्हेगारांच्या 'धोका-मापना'वर किती भरवसा ठेवायचा

तापीकाठची (धागाकर्ती)

राम राम मंडळी.

सध्या आपल्याकडच्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतोय. 'लैंगिक गुन्हा केलेले ८० टक्के लोक सुटल्यावर पुन्हा तेच करतात, हे विज्ञानानं सिद्ध झालंय.' खाली लाल अक्षरात 'पुढे पाठवा'. मी जळगावात मानसशास्त्र शिकवते, न्यायवैद्यक मानसशास्त्राचा पेपर माझ्याकडेच असतो. त्यामुळे कुणी ना कुणी 'मॅडम, खरं का हे?' म्हणून तो मजकूर मलाच पाठवतं. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा इथं लिहिते.

हा ८० चा आकडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयामुळे जगभर पसरला. २००२ च्या मकून विरुद्ध लाइल खटल्यात न्या. केनेडी यांनी लिहिलं, की उपचार न घेतलेल्यांमध्ये पुन्हा गुन्ह्याचं प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत असल्याचा अंदाज आहे. त्याला आधार काय, तर तिथल्या न्याय विभागाची १९८८ ची एक मार्गदर्शिका. मार्गदर्शिकेला आधार काय, तर १९८६ साली एका लोकप्रिय मासिकात आलेला लेख. आणि त्या लेखात आकड्यामागे अभ्यास म्हणून काहीच नाही! २०१५ मध्ये कुणीतरी हा माग काढून छापला. तोवर निकालपत्रांमधून आकडा खुशाल फिरत होता.

खरे आकडे किती? कॅनडाचे कार्ल हॅन्सन यांनी १९९८ मध्ये ६१ अभ्यास एकत्र केले, चार-पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडलेले निघाले १३.४ टक्के. २००५ मध्ये ८२ अभ्यास घेतले, तेव्हा १३.७. जास्त वर्षं पाठपुरावा केला की आकडा चढतो: एका अभ्यासात ५ वर्षांना १४, १० वर्षांना २०, १५ वर्षांना २४ टक्के. हे 'सापडलेले' आहेत, 'केलेले' नव्हेत. त्यावर खाली वाद होणार हे मला ठाऊक आहे, व्हावाच.

आता मूळ विषय. सरासरी १३-१४ टक्के म्हणजे सगळेच सारखे धोकादायक नाहीत. मग कोण जास्त, कोण कमी, हे ओळखायचं कसं? पूर्वी मानसोपचारतज्ज्ञ समोर बसवून गप्पा मारायचे आणि अनुभवावरून सांगायचे. १९५४ मध्ये पॉल मील यांनी दाखवून दिलं, की अशा अनुभवी अंदाजापेक्षा साधी गुणांची बेरीज बहुतेक वेळा सरस ठरते, निदान कमी तरी पडत नाही. तज्ज्ञांना ते अजून पचलेलं नाही. १९८३ च्या बेअरफूट खटल्यात तर अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंच न्यायालयाला कळवलं होतं, की दीर्घकाळच्या धोक्याबद्दलची आमची तीनपैकी दोन भाकितं चुकतात. न्यायालयानं ऐकलं नाही, ते सोडा.

विमा कंपनी जसे वय, आजार, व्यसन बघून हप्ता ठरवते त्याच पद्धतीनं मग मोजपट्ट्या तयार झाल्या. सगळ्यात जास्त वापरली जाणारी स्टॅटिक-९९, हॅन्सन आणि इंग्लंडचे डेव्हिड थॉर्नटन यांची. आता तिची सुधारित आवृत्ती स्टॅटिक-९९आर वापरतात. फक्त १० बाबी, सगळ्या कागदपत्रांवरून भरता येणाऱ्या: सुटतानाचं वय, जोडीदाराबरोबर सलग दोन वर्षं राहिला आहे का, आधीचे लैंगिक गुन्हे, आधीच्या शिक्षा, मारहाणीचे आधीचे आणि आत्ताचे गुन्हे (या दोन बाबी), स्पर्श न करता केलेले गुन्हे, पीडित व्यक्ती नात्याबाहेरची होती का, अनोळखी होती का, पुरुष किंवा मुलगा होता का. उणे ३ पासून १२ पर्यंत गुण. १ ते ३ ला सरासरी धोका म्हणतात, ६ आणि वर म्हणजे सरासरीपेक्षा बराच जास्त.

अचूकता किती? एयूसी नावाच्या मापानं साधारण ०.७०. म्हणजे पुन्हा गुन्हा केलेला एक आणि न केलेला एक असे दोघे चिठ्ठ्या टाकून निवडले, तर १०० पैकी ७० वेळा पहिल्याचे गुण जास्त असतात. नाणेफेक केली तर ५०. २००९ मध्ये हॅन्सन यांनी ११८ नमुने, ४५ हजारांवर गुन्हेगार तपासले. बेरजेच्या मोजपट्ट्यांची ताकद निघाली ०.६७, नुसत्या तज्ज्ञाच्या मताची ०.४२. (हे एयूसी नव्हे, वेगळं माप आहे; यात शून्य म्हणजे नाणेफेक.) मोजपट्टी जिंकली. पण किती फरकानं, तेही बघा.

माझं म्हणणं एवढंच: ही पट्टी माणसांची रांग बऱ्यापैकी लावते. समोर उभ्या असलेल्या एका माणसाचं भविष्य ती सांगत नाही, आणि आपल्याकडच्या माणसांची रांगही ती नीट लावेल का, हे कुणी तपासलेलं माझ्या पाहण्यात नाही.

---

पारावरचा आप्पा

ताई, आमना गावमा कोन कसा शे हाई पारवर बठेल लोकेसले ठाऊक ऱ्हास. दहा प्रश्नेसनं माप कसाले पाहिजे?

---

तापीकाठची

आप्पा, पारावरच्या लोकांना ठाऊक असतं हे खरं. पण तेच लोक ज्याला 'चांगल्या घरचा' म्हणतात त्याच्याबद्दल बोलत नाहीत, आणि परगावाहून आलेल्या एकट्या मजुराबद्दल नको तेवढं बोलतात. तसं नको म्हणूनच माप निघालं.

---

शिरपूर ते पुणे

धागा आवडला, वाचनखूण साठवली. पण ७० म्हणजे फारच कमी नाही का? आमच्याकडे मशीन लर्निंगचं कुठलंही मॉडेल ९० च्या खाली आलं तर मॅनेजर परत पाठवतो. दहा बाबींऐवजी पाचशे बाबी घाला, मोबाइलचा डेटा घाला, ९५ टक्के अचूकता सहज मिळेल.

---

भुसावळ जंक्शन

@शिरपूर ते पुणे, ९० टक्के अचूकता हवी? आत्ता देतो, संगणकाशिवाय. प्रत्येकाच्या कागदावर 'हा पुन्हा करणार नाही' असा शिक्का मारा. १०० पैकी १० जणच पुन्हा करत असतील तर तुम्ही ९० टक्के अचूक. एकही गुन्हा थांबला नाही, पण मॅनेजर खूश.

मी संख्याशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. ताईंचा ०.७० घेऊन एक गणित मांडतो. १००० जण सुटले, त्यातले १०० पुढे पुन्हा गुन्हा करणार आहेत, असं धरा. (गणितापुरतं, कुठल्या जिल्ह्याचा आकडा नाही.) या ताकदीच्या पट्टीवर एक रेष अशी मारता येते, की १०० पैकी ५० 'धोकादायक' ढिगात येतील. पण त्याच रेषेवर, न करणाऱ्या ९०० पैकी साधारण २०० जणही त्याच ढिगात येतात. म्हणजे ढीग २५० चा, त्यात खरे ५०. पाचात एक. उरलेल्या ७५० च्या ढिगातही ५० जण आहेतच, पंधरात एक.

आता यातून दोन माणसं दोन गोष्टी सांगणार. सरकारी वकील म्हणणार, 'या ढिगात धोका तिप्पट आहे.' बरोबर. बचावाचा वकील म्हणणार, 'या ढिगातल्या पाचांपैकी चौघांवर उगाच शिक्का बसलाय.' तेही बरोबर. रेष खाली ओढली तर खरे जास्त सापडतील, निर्दोषही जास्त अडकतील. वर ओढली तर उलट. ती कुठं ओढायची हे संख्याशास्त्र सांगत नाही, समाजानं ठरवायचं असतं. समाज मात्र म्हणतो, 'सर, तुम्हीच सांगा ना आकडा.'

मोबाइलच्या डेटाचं म्हणाल तर, ज्या गोष्टी क्वचित घडतात त्यात बाबी वाढवून फार पदरात पडत नाही. शिवाय ज्या गठ्ठ्यावर मॉडेल शिकवलं तिथं ते नेहमीच हुशार दिसतं. परगावच्या गठ्ठ्यावर लावलं की गळपटतं.

---

शिरपूर ते पुणे

शिक्क्याचं पटलं सर. मॅनेजरला सांगत नाही.

---

रावेरची माय

मला दोन मुली आहेत, त्यामुळे रागावून लिहितेय, समजून घ्या. तुम्ही सगळे आकड्यांशी खेळताय. मला साधं सांगा ताई. एक समजा २८ वर्षांचा बिनलग्नाचा पोरगा, शेजारच्या मुलीशी वाईट वागला. दुसरा ४५ वर्षांचा लग्न झालेला काका, सख्ख्या पुतणीला तीन वर्षं छळलं. पहिलीच केस दोघांची. तुमची पट्टी काय म्हणते?

---

तापीकाठची

प्रश्न अगदी नेमका विचारलात. गुण मोजूनच दाखवते.

पोरगा: वय ३५ च्या आत, १. जोडीदाराबरोबर कधी राहिला नाही, १. पीडित मुलगी नात्यातली नाही, १. शेजारची म्हणजे ओळखीची, म्हणून 'अनोळखी'चा गुण शून्य. आधीचं काही नाही. एकूण ३, सरासरी.

काका: वय ४० ते ६० मध्ये, उणे १. लग्न झालंय, शून्य. पुतणी नात्यातली, शून्य. आधीचं काही नाही. एकूण उणे १. सरासरीपेक्षा कमी.

थांबा, लगेच चप्पल काढू नका. पट्टी 'कुणाचा गुन्हा मोठा' हे मोजतच नाही. काकाचा गुन्हा मोठा आहे, त्याला शिक्षाही मोठी व्हावी. पट्टी फक्त एवढंच म्हणते, की पकडले जाऊन सुटलेल्या अशा पुरुषांमध्ये पुढं पुन्हा पकडले जाणारे कमी असतात. बिंग फुटलेलं असतं, घरचे सावध झालेले असतात, वयही उतरलेलं असतं. आणि अजून एक शक्यता आहे, जी तुम्हाला माझ्याआधी सुचली असेल: घरातला दुसरा गुन्हा पोलिसांपर्यंत पोचतच नाही. पट्टीच्या दृष्टीनं न नोंदलेला गुन्हा घडलेलाच नसतो.

---

रावेरची माय

मग तर आपल्याकडे सगळं उलटंच होईल! आपल्याकडे घरचेच दाबतात. सोयरीक मोडेल, पोरीचं नाव खराब होईल. १९९४ च्या जळगावच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात किती थोड्या पोरी पुढं आल्या, आठवतंय ना सगळ्यांना?

---

तापीकाठची

आठवतंय. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे बघा: दरवर्षी नोंद झालेल्या बलात्कारांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शिक्षा होण्याचं प्रमाण २७-२८ टक्क्यांच्या आसपास रेंगाळतं. म्हणजे 'आधीच्या शिक्षा' या रकान्यात आपल्याकडे शून्य पडणं हे माणसाबद्दल कमी आणि साक्षीदार फितूर होण्याबद्दल जास्त सांगतं.

---

धुळ्याचा वकील

उशिरा आलो, कोर्टाचं कामकाज होतं. ताई, भुसावळचे सर, दोघांचे आभार. कायद्याच्या बाजूनं थोडं.

आपल्याकडे न्यायालयानं 'हा पुन्हा करेल का' हे बघायचं, ही गोष्ट नवी नाही. १९८० च्या बच्चन सिंग निकालात फाशी टाळण्याची जी कारणं दिली आहेत, त्यात दोन अशी आहेत: आरोपी पुढं समाजाला सततचा धोका ठरणार नाही अशी शक्यता, आणि तो सुधारण्याची शक्यता. तसं नाही हे पुराव्यानिशी सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं एका ओळीत उरकलं जायचं, 'गुन्ह्याचं क्रौर्य पाहता सुधारणेची शक्यता नाही.' मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आरोपीचं मानसिक मूल्यमापन आणि तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल खालच्या न्यायालयातच मागवा. म्हणजे आता जिल्ह्याच्या ठिकाणी मानसशास्त्रज्ञाचा कागद फाइलला लागणार. तो कागद कसा वाचायचा हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून हा धागा मला उपयोगी आहे.

दुसरं, कायद्यातला 'पुन्हा' आणि ताईंच्या पट्टीतला 'पुन्हा' वेगळे आहेत. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३७६-ई आलं, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७१. आधी बलात्कारात दोषी ठरलेला नंतर पुन्हा तशा गुन्ह्यात दोषी ठरला तर उर्वरित आयुष्यभर कैद किंवा फाशी. मुंबईच्या शक्ती मिलमधल्या दोन सामूहिक बलात्कारांच्या प्रकरणात ते पहिल्यांदा लागलं. तिथं दोन्ही गुन्हे कुठलीही शिक्षा व्हायच्या आधीचे होते, दोन्हींत दोषी ठरवणं एकाच सुमारास झालं. उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये कलम वैध ठरवलं, २०२१ मध्ये फाशी मात्र रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप दिली. ताईंच्या पट्टीत 'पुन्हा' म्हणजे पकडून, शिक्षा भोगून, बाहेर येऊन केलेला गुन्हा. कुणी एकातला आकडा दुसऱ्यात वापरला तर मी हरकत घेणारच.

विचारायचं होतं: समोरच्या बाजूनं तज्ज्ञ आणला आणि त्यानं स्टॅटिक-९९चे गुण सांगितले, तर उलटतपासणीत काय विचारू?

---

सातपुडा पायथा

मी नंदुरबारकडे परिवीक्षा अधिकारी म्हणून काम केलंय. वकीलसाहेबांच्या प्रश्नाआधी माझी एक भीती मांडते.

आमच्याकडे पॉक्सोच्या फायलींतला एक मोठा गठ्ठा पळून गेलेल्या जोडप्यांचा असतो. पोरगा १९ चा, पोरगी १७ ची, ऊसतोडीला नाहीतर गुजरातमध्ये कामाला गेले, बापानं तक्रार केली. आता वर दाखवलं तसे गुण मोजा: वय ३५ च्या आत, १. दोन वर्षं एकत्र राहिले नाहीत, १. नात्यातली नाही, १. झाले तीन. रावेरच्या ताईंच्या त्या २८ वर्षांच्या पोराइतकेच!

---

तापीकाठची

@सातपुडा पायथा, अगदी. म्हणूनच पट्टीच्या नियमावलीतच लिहिलंय, की जवळपासच्या वयाच्या, राजीखुशीच्या प्रकरणाला ही लावायची नाही. १८ च्या आत गुन्हा केलेल्यांना बहुतांशी नाही, बायकांना नाहीच. पण नियमावली वाचतो कोण? दहा ओळींचा तक्ता इंटरनेटवरून उतरवला की झालं.

लग्नाच्या रकान्याचंही बघा. कॅनडात जोडीदाराबरोबर दोन वर्षं टिकणं म्हणजे जवळीक निभावता येते याची खूण. आपल्याकडे २३ व्या वर्षी आई-बापानं लग्न लावून दिलं, बायको बिचारी नांदली, की रकाना आपोआप भरतो. त्यातून त्या पुरुषाबद्दल काय कळलं? त्याच्या बायकोबद्दल कळलं असेल काही.

आणि ही नुसती शंका नाही. स्वीडनमध्ये लांगस्ट्रोम यांनी २००४ मध्ये १३०० च्या वर सुटलेल्या गुन्हेगारांवर स्टॅटिक-९९ तपासली. स्वीडिश आणि इतर युरोपीय वंशाच्या लोकांत ती ठीक चालली. आफ्रिकी आणि आशियाई वंशाच्या लोकांत चाललीच नाही. कॅनडात तर एका आदिवासी कैद्यानं अशाच पट्ट्यांवरून सरकारला न्यायालयात खेचलं. एवर्ट विरुद्ध कॅनडा, २०१८. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की आदिवासी कैद्यांसाठी या पट्ट्या अचूक आहेत का हे तपासल्याशिवाय तुरुंग खात्यानं त्या वापरत राहणं कायद्याला धरून नाही. पट्टी ज्यांच्या घरची, त्यांनाच ही अडचण. आपल्या पावरा-भिल्ल पोरांना ती लावायला निघालेल्यानं आधी हा निकाल वाचावा.

---

रावेरची माय

आता कुठं डोक्यात शिरलं. हे आमच्या केळीच्या विम्यासारखं आहे. तापमान मंडळातल्या यंत्रावर मोजायचं, त्यावरून सगळ्या मंडळाला पैसे द्यायचे की नाही ते ठरणार. यंत्राच्या हिशोबानं मंडळ ठीक, पण माझ्या शेतातला बाग करपला त्याचं काय? आणि शेजारच्याचं काहीच गेलं नाही, त्याला मिळाले.

---

भुसावळ जंक्शन

ताई, वर्गात ३५ वर्षांत मला इतकं चांगलं उदाहरण सुचलं नाही. फक्त एक पुरवणी. यंत्र खोटं नसतं आणि विमा कंपनीचा एकूण हिशोब चुकलेलाही नसतो. ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्रीमध्ये २००७ साली हार्ट आणि मंडळींनी लिहिलं, की एकट्या माणसासाठी या आकड्यांची चूक-मर्यादा इतकी रुंद आहे की आकडा निरर्थक ठरतो. त्यावर संख्याशास्त्रज्ञांनी झोड उठवली, कारण त्यांनी वापरलेलं सूत्रच त्या कामाचं नव्हतं. म्हणजे 'एका माणसाबद्दल काहीच बोलता येत नाही' हेही टोकाचं. 'याच्यासारखे १०० असतील तर त्यांतले २० जण' एवढं बोलता येतं. 'हा २० टक्के गुन्हेगार' असं बोलता येत नाही.

---

पारावरचा आप्पा

मंग बावीस वरीसना पोऱ्यावर शिक्का बठना ते तो मरस्तवर ऱ्हाई का?

---

तापीकाठची

आप्पा, छान प्रश्न. शिक्का राहू नये असंच आकडे म्हणतात. हॅन्सन यांनी २०१४ मध्ये ७,७४० जणांचा पाठपुरावा छापला. जास्त धोक्याच्या गटात सुटल्यापासून पहिल्या पाच वर्षांत २२ टक्के पुन्हा सापडले. पण त्याच गटातले जे दहा वर्षं काही न करता बाहेर राहिले, त्यांच्यात पुढं प्रमाण ४.२ टक्क्यांवर आलं. गंमत अशी, की पट्टीच्या बाबी जुन्याच राहतात. वय सोडलं तर त्यात काही बदलतच नाही. म्हणून सोबत बदलत्या गोष्टी मोजणारी वेगळी साधनं वापरतात, स्टेबल-२००७ आणि ॲक्यूट-२००७.

---

शिरपूर ते पुणे

काडी टाकतो: मग अमेरिकेसारखी लैंगिक गुन्हेगारांची यादीच का नको सगळ्यांना दिसेल अशी? आपल्याकडे सप्टेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली म्हणे, पण ती बघता येत नाही.

---

धुळ्याचा वकील

सुरू झाली तेव्हाच चार लाखांवर नोंदी होत्या. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना बघता येते, आणि माझ्या मते तसंच असावं. आपल्या गावात नाव जाहीर केलं की बाप, भाऊ, बहीण, सगळं घर जाहीर होतं. आणि गुन्हेगार काका असेल तर यादीवरून पीडित पोरगी कोण हेही गाव दोन मिनिटांत ओळखेल.

---

रावेरची माय

हे शेवटचं वाक्य माझ्या लक्षातच आलं नव्हतं. यादीचं नको मग.

---

तापीकाठची

वकीलसाहेब, तुमचा प्रश्न राहिला होता.

आधी विचारा, पट्टी वापरायचं प्रशिक्षण कुठं घेतलं आणि नियमावलीची कुठली आवृत्ती वापरली. मग विचारा, कुठली कागदपत्रं पाहिली. तक्ता आरोपीच्या तोंडी माहितीवर भरला असेल तर तिथंच थांबवा. मग, गुण सांगितलेत ते ठीक, पण त्यापुढची टक्केवारी कुठल्या देशातल्या, कुठल्या काळात सुटलेल्या लोकांची? भारतातल्या लोकांवर तपासलेली आहे का? इथं बहुतेक तज्ज्ञ पाणी मागतील.

आणि शेवटी, तुम्हाला कुणी बोलावलं? हा प्रश्न खवचट वाटेल, पण त्याला आधार आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत मरी आणि बोकाचिनी यांनी शंभरावर तज्ज्ञांना त्याच त्या फायली तपासायला दिल्या. अर्ध्यांना वाटलं आपण सरकारी बाजूचे, अर्ध्यांना वाटलं बचावाचे. सरकारी बाजूच्यांनी जास्त गुण दिले, बचावाच्यांनी कमी. मताला जास्त जागा असलेल्या दुसऱ्या पट्टीपेक्षा स्टॅटिक-९९आरमध्ये फरक कमी होता, कारण त्यात मताला जागा कमी. पण होता.

मात्र हेच प्रश्न तुम्ही स्वतः आणलेल्या तज्ज्ञालाही विचारून ठेवा, समोरचा वकीलही हा धागा वाचत असेल.

---

धुळ्याचा वकील

हाहा, वाचतच असेल, तो अमळनेरचा आहे. सगळं लिहून घेतलं.

---

सातपुडा पायथा

एक व्यवहाराचं सांगते. आकडेवाली पट्टी आपल्याकडे येईल तेव्हा येईल. आज कैद्याच्या संचित रजेचा (फर्लो) नाहीतर अभिवचन रजेचा (पॅरोल) अर्ज आला की स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात. मी पाहिलेल्या बहुतेक अहवालांत एकच वाक्य होतं: 'सदर बंदी गावात आल्यास शांततेस बाधा येण्याची शक्यता नाकारता येत नाही.' नाव बदललं तरी वाक्य तेच. ०.७० ला नावं ठेवणाऱ्यांनी या वाक्याची अचूकता किती तेही विचारावं.

मी गृहभेटीला जायचे तेव्हा ताईंनी सांगितलेल्या ॲक्यूट यादीतल्यासारख्याच गोष्टी बघत होते, यादीचं नाव माहीत नसताना. दारू सुरू झाली का. काम सुटलं का, घरचे बोलतात की तोडलंय. मुलं जिथं एकटी सापडतात तिथं हा विनाकारण घुटमळतो का, शिकवणीबाहेर, नदीवर, यात्रेत. भेटीला टाळतो का. हे बघायला गुण लागत नाहीत, पण दर महिन्याला कुणीतरी जावं लागतं. एका अधिकाऱ्याकडे दोन-तीन तालुके असतील तर कोण जाणार?

---

भुसावळ जंक्शन

आणि गेलात तर लिहून ठेवा. तारीख, काय पाहिलं, पुढं काय झालं. आपल्याकडे किती सुटले आणि त्यातले किती पुन्हा सापडले, हे जिल्हावार सलग पाच-दहा वर्षं कुणी नोंदलं, तर आपल्या मापाचं गणित मी फुकट करून देईन. निवृत्त आहे, वेळ आहे.

---

सातपुडा पायथा

सर, जुन्या भेटींच्या वह्या आहेत माझ्याकडे. नावं झाकून काय-काय देता येईल ते वकीलसाहेबांना विचारून व्यक्तिगत निरोप करते.

---

धुळ्याचा वकील

अल्पवयीनांच्या फायली त्यातून आधी बाजूला काढा, बाल न्याय कायद्यानं त्यांची ओळख आणि नोंद दोन्ही जपायची असते. बाकीचं खात्याची लेखी परवानगी घेऊनच. मसुदा मी करून देतो.